एकच रॉ फाइल, आणि आकाश व सावली दोन्ही हवेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दगडी कमानीच्या आत उभं राहून समोरचं तळं, झाडं आणि ढगाळ आकाश असा एकच फोटो तुम्ही काढलाय. ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त प्रकाश घेतलेले, अनेक फोटो) केलेलं नाही आणि पुन्हा तिथे जाणं होणार नाही. त्या एकाच रॉमधून (सेन्सरने टिपलेल्या माहितीची मूळ फाइल) गडद, नेहमीची आणि उजळ अशा तीन फाइली काढून तुम्ही एचडीआर (अगदी उजळ आणि अगदी गडद भाग एकाच चित्रात दाखवणाऱ्या) सॉफ्टवेअरला दिल्या. चित्र राखाडी झालं आणि झाडांभोवती पांढरी कड आली. चुकतंय कुठे? शिवाय ज्या जुन्या फोटोंचं फक्त जेपेग उरलंय त्यांचं काही करता येईल का?

तीन फाइली काढण्यापासूनच सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच आहे. एका रॉमधून दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) उजळ फाइल काढली म्हणून सेन्सरने टिपलेल्या माहितीत कणभरही भर पडत नाही. खरं ब्रॅकेटिंग करताना दोन स्टॉप उजळ फ्रेमला चौपट प्रकाश मिळतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्याच्या मोजणीतला चढउतार वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. म्हणजे प्रकाश चौपट झाला की नॉइज (चित्रात दिसणारा हा चढउतार, दाणेदारपणा) दुप्पटच होतो आणि सावली त्याच्या तुलनेत दुपटीने स्वच्छ मिळते. फायदा त्या जादा प्रकाशाचा आहे, फाइलींच्या संख्येचा नाही. तुमची ‘उजळ’ फाइल म्हणजे तीच जुनी सावली, नॉइजसकट चौपट केलेली. फोनमधलं एचडीआरही बरेचदा असंच गैरसमजातून पाहिलं जातं. गूगलने 2016 मध्ये एचडीआर प्लसची पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो नसतातच. आकाश जळणार नाही इतक्या कमी एक्स्पोजरचे, सगळे सारखेच असे बरेच फोटो घेऊन त्यांची सरासरी काढली जाते. नऊ फोटोंची सरासरी काढली की नॉइज साधारण एक तृतीयांशावर येतो. नंतरचं सगळं काम त्या एका स्वच्छ झालेल्या चित्रावर चालतं. थोडक्यात, एका एक्स्पोजरवर उत्तम काम होऊ शकतं. फक्त त्या एक्स्पोजरमध्ये हवं ते टिपलं गेलेलं असलं पाहिजे.

मग तो ‘एचडीआर’ दिसणारा परिणाम येतो कुठून? तुमच्या फोटोत कॉन्ट्रास्ट दोन प्रकारचा आहे. एक मोठा: कमानीच्या आतला अंधार आणि बाहेरचं आकाश यांच्यातला. दुसरा बारीक: दगडाच्या खरबरीत पृष्ठभागाचा, ढगांच्या घड्यांचा, पाण्यावरच्या लहरींचा. आपल्याला मोठा फरक कमी करायचाय आणि बारीक फरकाला धक्का लावायचा नाही. सगळी कला एवढ्यातच आहे. सगळ्या चित्राला एकच कर्व्ह (उजेड वरखाली करणारी रेषा) लावून शॅडो, म्हणजे गडद भाग, वर आणि हायलाइट, म्हणजे उजळ भाग, खाली ओढले की दोन्ही फरक एकदम दबतात आणि चित्र राखाडी होतं. 1997 मध्ये डेबेव्हेक आणि मलिक या संशोधकांनी अनेक एक्स्पोजर एकत्र करून दृश्यातला खरा प्रकाश मोजण्याची पद्धत मांडली. पण तो मोजलेला प्रकाश साध्या पडद्यावर कसा मावायचा, हा प्रश्न वेगळाच होता. 2002 मध्ये ड्युरँड आणि डॉर्सी या संशोधकांनी त्याला फार स्वच्छ उत्तर दिलं: चित्राचे दोन थर करा, एकात ढोबळ प्रकाश, दुसऱ्यात बारीक तपशील. पहिला दाबा, दुसरा जसाच्या तसा ठेवा, मग दोन्ही पुन्हा जोडा. प्रकाश पडद्यावर मावण्याच्या या दुसऱ्या पायरीला माहिती एका क्लिकमधून आली की नऊ, याने काहीही फरक पडत नाही. एका फोटोतून हे काम होतं ते म्हणूनच.

आता रॉ आणि जेपेगमधलं अंतर किती मोठं आहे ते आकड्यांत पाहा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. 14 बिट रॉमध्ये 16,384 पायऱ्या असतात आणि सेन्सर प्रकाश सरळ रेषेत मोजतो. त्यामुळे सगळ्यात उजळ स्टॉपला निम्म्या, म्हणजे 8,192 पायऱ्या मिळतात, त्याखालच्याला 4,096, आणि असं निम्मं निम्मं होत जातं. वरून सहाव्या स्टॉपला उरतात 256. तुमच्या कमानीच्या आतला दगड साधारण तिथे असेल. जेपेगमध्ये एकूण पायऱ्याच 256. कॅमेऱ्याचा स्वतःचा कर्व्ह बाजूला ठेवून फक्त एसआरजीबीचा (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगमापाचा) हिशेब केला, तर त्याच सहाव्या स्टॉपला साधारण 16 पायऱ्या येतात. त्या 16 पायऱ्या ताणून दगडाला उजेडात आणायचं म्हटलं की पट्टे दिसणारच. रॉमधले 256 निमूट ताणले जातात. तिथे अडचण पायऱ्यांची नाही, नॉइजची असते.

सावली अशी बरीच वाचवता येते. जळलेलं आकाश मात्र येत नाही. सेन्सरचा पिक्सेल भरला की त्याच्या वर काय होतं याची नोंदच नसते. लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादंच चॅनल भरलं असेल तर रॉ कन्व्हर्टर बाकीच्या दोहोंवरून अंदाज बांधतो आणि ढगांच्या कडा थोड्याफार परत येतात. तिन्ही भरली की हातात पांढरा कागद उरतो. म्हणून एकाच फोटोवर काम करायचं असेल तर क्लिक करताना मोजायचं ते आकाश.

हे डिजिटलच्या आधीपासूनचं आहे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्सचा हर्नान्डेझ गावावरच्या चंद्रोदयाचा प्रसिद्ध फोटो 1 नोव्हेंबर 1941 चा, एकाच निगेटिव्हवरचा. उजेड जात होता, लाइट मीटर हाताला लागत नव्हता. चंद्राची प्रखरता किती असते हा आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. म्हणजे मोजला तो दृश्यातला महत्त्वाचा उजळ भाग. खालची जमीन आणि क्रूस निगेटिव्हवर इतके पातळ आले की 1948 मध्ये त्यांनी निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने गडद करून घेतला, आणि प्रिंट काढताना आकाशाला जास्त वेळ प्रकाश देऊन ते पुढेपुढे जवळजवळ काळं करत नेलं. आपण मास्क (बदल चित्राच्या ठरावीक भागालाच लागू करणारा पडदा) लावून जे करतो तेच हे. फरक इतकाच, की त्यांना चुकल्यावर मागे फिरता येत नव्हतं.

पुढच्या वेळेसाठी एवढं लक्षात ठेवा. आयएसओ कॅमेऱ्याच्या सगळ्यात खालच्या मूळ आकड्यावर ठेवा, कारण डायनॅमिक रेंज (सगळ्यात गडदपासून सगळ्यात उजळपर्यंत टिपता येणारा पल्ला) तिथेच सर्वांत जास्त मिळते. कॅमेऱ्यात हायलाइटला प्राधान्य देणारं मीटरिंग असेल तर ते वापरा. पडद्यावर दिसणारा हिस्टोग्राम (गडद-उजळ पिक्सेल किती ते दाखवणारा आलेख) रॉचा नसतो, कॅमेऱ्याने आतल्या आत बनवलेल्या जेपेगचा असतो, त्यामुळे तो जरा आधीच घाबरवतो. पिक्चर स्टाइल सपाट, कमी कॉन्ट्रास्टची ठेवली तर तो रॉच्या अधिक जवळ जातो. आणि प्रत्येक पांढरा ठिपका वाचवायची गरज नाही. सूर्याचं बिंब, पाण्यावरची चमक, पेटलेला दिवा यांना पांढरं राहू द्या. ढग मात्र जाता कामा नये. चमकीसाठी अख्खा फोटो दोन स्टॉप गडद काढला तर त्याची किंमत सावलीतल्या नॉइजने मोजावी लागते.

तुमच्या कमानीच्या फोटोवर मी काय करेन ते सांगतो. रॉ दोनदा डेव्हलप करा. एकदा फक्त बाहेरच्या दृश्यासाठी: एक्स्पोजर साधारण एक स्टॉप खाली, हायलाइट खाली, आणि ढगांत आकार दिसेपर्यंत थोडा कॉन्ट्रास्ट. हे करताना कमान ठार काळी होईल, तिकडे बघूच नका. दुसऱ्यांदा फक्त आतल्या दगडासाठी: दीड ते दोन स्टॉप वर, आणि आधी रंगाचा नॉइज काढून मग. आकाश जळेल, जळू द्या. फोटोशॉपमध्ये रॉ स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ रॉ आत जपणारा थर) म्हणून उघडून त्याची ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ने प्रत घेतली तर दोन्ही थर पुढेही केव्हाही बदलता येतात. साधी डुप्लिकेट घेतली तर दोन्ही एकमेकांना जखडलेले राहतात आणि एक बदलला की दुसराही बदलतो. लाइटरूममध्ये हेच काम मास्कने होतं: बाहेरचा भाग निवडायचा, मग तोच मास्क उलटा करून आतल्याला वेगळ्या किमती द्यायच्या.

तुमच्या तीन फाइलींपेक्षा हे वेगळं कसं, असं वाटेल. माहिती दोन्हीकडे तीच आहे. पण तिथे कुठल्या पिक्सेलला काय मिळावं हे सॉफ्टवेअर ठरवत होतं. इथे तुम्ही ठरवता. आणि एक मोठा लाभ असा, की दोन्ही थरांना वेगळा व्हाइट बॅलन्स (रंगछटा निळसर की उबदार, याची जुळणी) देता येतो. सावलीत येणारा उजेड बहुतेक आकाशाचा असतो, निळसर. अंधारात तो कळत नाही, पण सावली दोन स्टॉप उघडली की दगड अचानक निळा-जांभळा दिसायला लागतो. लोक मग पूर्ण फोटो उबदार करतात आणि ढग पिवळे पडतात. आतल्या थराचा व्हाइट बॅलन्सच फक्त उबदार करा. त्याचबरोबर त्या थरातला रंग थोडा उतरवा, कारण उघडलेल्या सावलीत रंग गरजेपेक्षा जास्त भडक होतात. स्वस्त एचडीआर ओळखू येतं ते बरेचदा या भडक सावलीवरून.

दोन थर जोडताना खरी परीक्षा कडेवर असते. कमानीची कड आणि तिच्या बाजूने लोंबणारी फांदी 200 टक्क्यांवर बघा. फांदीची एक डहाळी चार-पाच पिक्सेल रुंद असेल. तिच्या दोन्ही बाजूंचा एकेक पिक्सेल धड डहाळी नाही, धड आकाश नाही, दोहोंचं मिश्रण आहे. हाताने काढलेला मास्क त्या मिश्र पिक्सेलमधून आरपार जातो आणि तिथे राखाडी किंवा पांढरा धागा उमटतो. म्हणून अशा जागी मास्क हाताने काढत बसू नका. चित्राच्या उजेडावरूनच मास्क बनवा, ज्याला ल्युमिनॉसिटी मास्क म्हणतात. जिथे पिक्सेल जितका उजळ तिथे बाहेरचा थर तितका जास्त लागतो, आणि मिश्र पिक्सेलला आपोआप मिश्र वाटा मिळतो. कमानीच्या दगडी, सरळ कडेला मात्र मोठ्या मऊ ब्रशने मास्क थोडा आतल्या बाजूला उतरू द्या. आकाशाचा उजेड कमानीच्या तोंडाशी आत झिरपतोच. तो उतार दिसला की नजर शंका घेत नाही.

तुमच्या झाडांभोवतीची पांढरी कड म्हणजे प्रभावळ. ती का येते ते एकदा कळलं की टाळणं सोपं जातं. सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्या आसपासच्या सरासरीशी करतं. झाडालगतच्या आकाशाच्या पिक्सेलच्या आसपास निम्मं काळं झाड येतं, म्हणून सरासरी गडद निघते. ‘हा भाग अंधारात आहे’ असं समजून त्याला उजळवलं जातं. झाडाच्या कडेचे पिक्सेल उलट अधिक गडद होतात. यावर उपाय म्हणजे सरासरी काढताना मोठी कड ओलांडायची नाही. ड्युरँड-डॉर्सींच्या पद्धतीतला बायलॅटरल फिल्टर तेच करतो. पुढे 2011 मध्ये लोकल लाप्लासियन फिल्टर आले आणि ॲडोबीने ते आपल्या 2012 च्या प्रोसेसमध्ये (रॉवर काम करण्याच्या पद्धतीत) घेतले. म्हणून लाइटरूमचे आजचे हायलाइट-शॅडो स्लायडर बऱ्याच ओढाताणीतही प्रभावळ कमी पाडतात. जुन्या धाटणीच्या प्रीसेटमध्ये आणि ‘एचडीआर’ नावाच्या एका बटणात ही काळजी घेतलेली असेलच असं नाही.

दोन थरांची कल्पना हाताने करून पाहायची असेल तर एक जुनी, फार सुंदर युक्ती आहे. फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये लेयरची प्रत घ्या, तिचा रंग काढा, ती निगेटिव्ह करा आणि ब्लेंडिंग ओव्हरलेवर टाका. चित्र लगेच मेणचट, सपाट होईल. आता त्या वरच्या लेयरला ब्लर द्यायला लागा, 10 पिक्सेल, 20, 40. तपशील डोळ्यांसमोर परत यायला लागतो आणि सावली मात्र उघडीच राहते. काय घडतंय ते आकड्यांत सांगतो. 0 (काळा) ते 255 (पांढरा) या मापावर दगडाच्या एका भागाची सरासरी 51 आहे आणि त्यातले दोन शेजारचे पिक्सेल 40 आणि 62 आहेत, फरक 22. ब्लर नसताना ते 67 आणि 94 होतात, फरक 27. ब्लर दिल्यावर त्या सगळ्या भागाला एकच मास्क मिळतो आणि ते 64 आणि 99 होतात, फरक 35. भाग तितकाच उजळला, पण खरबरीतपणा जास्त राखला गेला. 62 ला 40 ने भागा आणि 99 ला 64 ने, उत्तर जवळजवळ सारखंच येतं. म्हणजे पोत होता तसाच टिकला. साधा गॉसियन ब्लर दिला तर मोठ्या कडांना प्रभावळ येते. त्याऐवजी फोटोशॉपमधला सरफेस ब्लर किंवा गिंपमधला सिलेक्टिव्ह गॉसियन ब्लर घ्या, तो कड राखतो. शेवटी लेयरची ओपॅसिटी 40 ते 60 टक्क्यांवर आणा. पूर्ण 100 वर ठेवण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आलीय.

मोफत साधनं वापरत असाल तर डार्कटेबलमधलं टोन इक्वलायझर याच तत्त्वावर चालतं. उजेडाच्या नऊ पट्ट्या वेगवेगळ्या वरखाली करता येतात, आणि आत कड राखणारा मास्क असतो. मास्किंगचा टॅब उघडून तो मास्क आधी नजरेखालून घाला, तो ठीक नसेल तर बाकी काहीच ठीक होत नाही. रॉथेरपीमध्ये डायनॅमिक रेंज कम्प्रेशन नावाचं साधन आहे. त्याचा जोर थोडाच ठेवा. क्लॅरिटी आणि डीहेझ (पोत आणि कॉन्ट्रास्ट उठावदार करणारे स्लायडर) हे मसाले आहेत, आणि ते पूर्ण फोटोला लावू नयेत. दगडाला क्लॅरिटी शोभते, पाण्याला अर्धी, आकाशाला जेमतेम, आणि फ्रेममध्ये कुणी माणूस असेल तर त्याच्या चेहऱ्याला शून्य. मी सुरुवातीची बरीच वर्षं क्लॅरिटी सरसकट लावत असे. ते फोटो आज उघडले की माणसांच्या चेहऱ्यांवर राख फासल्यासारखी दिसते, आणि त्यातली काही माणसं आता पुन्हा फोटोसाठी समोर बसणार नाहीत याचं मनापासून वाईट वाटतं. चेहऱ्याच्या बाबतीत म्हणूनच इतकं ठामपणे सांगतोय.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती: उजेडाचा क्रम मोडू नका. तळ्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब खऱ्या आकाशापेक्षा उजळ असूच शकत नाही, कारण पाणी थोडाच प्रकाश परत पाठवतं. कमानीच्या आतला दगड त्या आकाशाच्याच उजेडावर दिसतोय, मग तो आकाशाइतका उजळ कसा असेल? पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण त्याची नजर क्षणात ओळखते की काहीतरी खोटं आहे. तुम्ही सांगितलेल्या राखाडी फोटोत बहुधा हेच झालंय: आकाश, पाणी आणि दगड तिघंही एकाच उजेडावर येऊन बसलेत. आकाश सगळ्यात उजळ, प्रतिबिंब त्याखाली, झाडं त्याखाली, दगड त्याखाली, आणि कमानीच्या कोपऱ्यात, छताच्या सांध्यात अगदी काळं. तो काळा हवाच. काळ्याचा आधार नसेल तर उघडलेली सावली उघडलेली वाटतच नाही, धुक्यासारखी वाटते. फोटो तळहाताएवढा लहान करून दोन हातांवरून बघा. तेवढ्या आकारात कमान, पाणी आणि आकाश असे तीन वेगळे उजेड कळले पाहिजेत. कळत नसतील तर आतला थर पाव-अर्धा स्टॉप खाली घ्या.

आणखी एक सांगायला हवं. तुमचा पडदा खरोखर एचडीआर असेल, तर एवढं दाबण्याची गरजच कमी होते. लाइटरूममध्ये ऑक्टोबर 2023 पासून एचडीआर संपादनाची सोय आहे. एकाच चांगल्या रॉमधले ढग त्या पडद्यावर पांढऱ्या कागदापेक्षा उजळ दिसू शकतात आणि दगड आपल्या जागी सावलीत राहतो. पण साध्या पडद्यावर आणि छापील प्रिंटमध्ये वरचीच मेहनत लागते.

जुन्या जेपेगबद्दल. आधी फाइल 16 बिटमध्ये बदला. त्याने नवीन माहिती येत नाही, पण पुढच्या प्रत्येक बदलात पायऱ्या गळत नाहीत. मग ओव्हरलेची ती युक्ती हलक्या हाताने करा, ओपॅसिटी 30 टक्क्यांच्या आसपास. सावली एका स्टॉपपेक्षा जास्त उघडायला जाऊ नका. तिथून पुढे जेपेगच्या दाबणीतले 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन दिसायला लागतात. ते दिसायला लागलेच तर सावलीत अगदी बारीक ग्रेन टाका, पट्टे आणि चौकोन दोन्ही बरेच झाकले जातात. आकाशावर कर्सर ठेवून आकडे वाचा. तिन्ही चॅनल 255 दाखवत असतील तर हायलाइटचा स्लायडर तिथे फक्त पांढऱ्याचा राखाडी करेल, ढग परत आणणार नाही. अशा फोटोत आकाश पांढरंच राहू द्या, वरून कापता येईल तेवढं कापा आणि सगळी मेहनत जमिनीवर घाला. एखादं चॅनल 240-245 च्या आसपास दिसत असेल तर तिथे थोडा जीव आहे. त्या एका चॅनलवरून ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा. निळं आकाश आणि पांढरे ढग असतील तर लाल चॅनलमध्ये ढग बहुतेक सगळ्यात स्पष्ट सापडतील.